मिरचीचे पैसे काट्यावरच

गरिबी कमी करणाऱ्या उद्योगात पैसे घालायचे, मुद्दल परत घ्यायचं आणि वर थोडं व्याजही मिळवायचं, याबद्दल इंदूरमधली ओळखीची माणसं हल्ली मला बरंच विचारतात. कोणाची एफडी सुटलेली असते, कोणाच्या मुलाने परदेशातून लेख पाठवलेला असतो. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं म्हटलं.

मी सीए आहे. रामबागेतल्या माझ्या ऑफिसात दुकानदारांची आणि छोट्या कारखान्यांचीच कामं जास्त येतात. पण काही वर्षांपासून खरगोन जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेबही मी बघते. सभासद बहुतेक बायका, माल मुख्यतः लाल मिरची. पुढे जे लिहितेय ते या कंपनीच्या वह्या बघूनच सुचलेलं आहे.

अशा गुंतवणुकीला 'इंपॅक्ट इन्व्हेस्टिंग' हे नाव रूढ झालं २००७ नंतर, रॉकफेलर फाउंडेशनने इटलीत बोलावलेल्या एका बैठकीपासून. काम त्याच्या आधीपासून चालू होतं. विनीत राय यांनी 'आविष्कार' हा फंड २००१ मध्ये सुरू केला, न्यूयॉर्कचा 'अ‍ॅक्युमेन' हा फंडही त्याच वर्षीचा. या फंडांची सर्वसाधारण रीत अशी की उद्योगात भागभांडवल घालायचं, सात-आठ वर्षं धीर धरायचा आणि उद्योग मोठा झाला की आपला हिस्सा विकून बाहेर पडायचं. सौर दिवे, डोळ्यांचे दवाखाने, दूध संकलन अशा कामांना हा पैसा उपयोगी पडतो, यात शंका नाही.

पण आमच्या मिरचीवाल्या बायकांच्या कंपनीत तो येऊच शकत नाही. उत्पादक कंपनीची तरतूद २००२ साली कंपनी कायद्यात आली आणि तिच्यात स्पष्ट आहे की भाग फक्त उत्पादकानेच घ्यायचे. बाजारात ते विकता येत नाहीत, आणि भाग कितीही असले तरी सभासदाला मत एकच. हा नियम मला मनापासून पटतो. मालकी गावातच राहते. मात्र त्याचा अर्थ असा की बाहेरच्या माणसाने मदत करायची तर ती कर्जाच्याच वाटेने. आणि कर्ज कसलं, किती दिवसांचं, कोणत्या आठवड्यात हातात पडणारं, यावर सगळं अवलंबून असतं.

हंगामात तिथलं खरेदी केंद्र एकदा बघावं. ताडपत्रीवर मिरचीचे ढीग, हवेत असा खकाणा की नव्या माणसाला दोन मिनिटं उभं राहवत नाही. बाई पोतं उलटं करते, केंद्रावरची मुलगी मूठभर मिरची हातात दाबून ओल बघते, पांढऱ्या पडलेल्या वेगळ्या काढते, मग काट्यावर वजन. वजन झालं की बाईचा पहिला प्रश्न, "पैसा कब?" उत्तर "अभी" असेल तर ती पुढच्या खेपेलाही इथेच येते. "आठ दिन में" असेल तर पुढचं पोतं गावातल्या व्यापाऱ्याकडे जातं. तो क्विंटलमागे पाच-सातशे कमी देतो, पण रोख देतो. तिला त्याच संध्याकाळी तोडणीच्या मजुरांचे पैसे द्यायचे असतात. यात तिचा अडाणीपणा नाही. तिच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.

आता कंपनीची बाजू. मसाला कारखाना माल उचलतो आणि पैसे तीस ते पंचेचाळीस दिवसांनी देतो. मधलं अंतर कसं भरून काढायचं? भागभांडवल म्हणजे सभासदांचे हजार-दोन हजार. केंद्र सरकारच्या २०२० च्या दहा हजार एफपीओंच्या (म्हणजे अशाच शेतकरी उत्पादक संस्थांच्या) योजनेत तीन वर्षांत अठरा लाखांपर्यंत व्यवस्थापनाचा खर्च मिळतो आणि सभासदामागे दोन हजारांपर्यंत भागभांडवलाची जोड मिळते, कमाल पंधरा लाख. चांगली योजना आहे. पण भर हंगामात पंधरा लाख दोन-तीन दिवसांच्या खरेदीत संपतात. बँक तारण मागते आणि या कंपनीकडे जमीनही नाही, गोदामही भाड्याचं. एफपीओंनाच कर्ज देणाऱ्या बिगर-बँक वित्तसंस्था आहेत आणि त्या हे काम मनापासून करतात, पण त्यांचा स्वतःचाच पैसा महाग, म्हणून त्यांच्या कर्जाचा दर चौदा-पंधरा टक्क्यांच्या घरात जातो.

आकडा मांडून बघू. समजा २५० बायकांची ५०० क्विंटल मिरची, १५ हजार रुपये क्विंटल. झाले ७५ लाख. तीन महिन्यांसाठी १५ टक्क्यांनी व्याज २ लाख ८१ हजार, ९ टक्क्यांनी १ लाख ६९ हजार. फरक बाईमागे साधारण साडेचारशे रुपये. पण पैसे वेळेवर नसल्यामुळे तिने आपले दोन क्विंटल व्यापाऱ्याला सहाशे रुपये कमी भावाने दिले, तर तिचे बाराशे गेले. म्हणजे स्वस्त कर्जापेक्षाही वेळेवर मिळालेलं कर्ज तिला जास्त मोलाचं. व्याजदरावर तासन्‌तास चर्चा करणाऱ्या गुंतवणूकदारांना मी हे गणित आधी दाखवते.

मग आपल्यासारख्यांनी करायचं काय? कंपनीला थेट उसने पैसे देता येत नाहीत, बाहेरच्या व्यक्तीकडून घेतलेली अशी रक्कम कायद्याने ठेव ठरते. सामाजिक कामाच्या नोंदणीकृत फंडात जायचं तर एरवी किमान एक कोटी लागतात. मी सुचवला तो मार्ग जुना आणि साधा आहे. आपली एफडी बँकेतच राहते, तिच्यावर कंपनीच्या कर्जासाठी तारण नोंदवायचं. आपल्याला एफडीचं व्याज पूर्ण मिळत राहतं, कंपनीला एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने पैसे मिळतात. कंपनी बुडाली तर एफडी जाते. ही जोखीम खरी आहे आणि ती सही करण्यापूर्वीच सांगायला हवी.

माझ्या आत्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हा सरळच म्हणाली, "अगं, पैसे बुडणार नाहीत ना?" मी म्हटलं, "आत्या, बुडूही शकतात. जेवढे गेले तरी तुझं औषधपाणी अडणार नाही, तेवढेच घाल." तिने विचार करायला वेळ घेतला आणि तिच्या ठेवींतला एक लहान हिस्सा दिला. तिच्या भजनी मंडळातल्या दोघी आणि शेजारचे एक निवृत्त काका आले. सगळं मिळून कंपनीला दहा लाखांच्या आसपास कर्जाची मर्यादा मिळाली. मोठी रक्कम नाही, पण हंगामात ती फिरते. माल गेला, पैसे आले की पुन्हा काट्यावर. एका लॉटमध्ये ओल निघाली म्हणून कारखान्याने भाव कापला आणि त्या वेळी बँकेचा हप्ता उशिरा गेला. आत्याला मी तो हिशेब कागदावर दाखवला. तिने शांतपणे वाचला आणि एवढंच विचारलं, "पण बायकांना त्या दिवशीच मिळाले ना?" मिळाले होते.

हाच प्रश्न प्रत्येक 'सामाजिक' गुंतवणुकीत पहिला असावा असं माझं ठाम मत आहे. गुंतवणूकदाराचा परतावा कोणाच्या खिशातून येतो? गरिबाचा माल चांगल्या भावाला विकून येत असेल तर ठीक. गरिबाने भरलेल्या व्याजातूनच येत असेल तर फार जपून. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात काय झालं ते आठवा. एकाच घरात चार-चार मायक्रोफायनान्स कर्जं (गरिबांना विनातारण मिळणारी छोटी कर्जं), वसुलीचा जाच, आत्महत्यांच्या बातम्या, आणि ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारचा अध्यादेश. त्या पैशामागेही गरिबी हटवायची भाषा होती. आता रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा घराचे सगळे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त असता कामा नयेत. हा नियम यायला फार मोठी किंमत मोजावी लागली.

इंदूरकर पैसे घालत नाहीत, असं कोणी म्हटलं तर मला पटत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या महापालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे काढले, ८.२५ टक्के व्याजाने, आणि सामान्य माणसालाही ते घेता आले. मागणी सातशे कोटींच्या वर गेली. त्या पैशातून ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प ठरला तो खरगोन जिल्ह्यातल्याच जलूदला, जिथून नर्मदेचं पाणी आपल्या शहराकडे चढवलं जातं. काम उत्तम आहे, माझ्या ओळखीच्यांनीही ते रोखे घेतले. पण बघा, निमाडात, म्हणजे खरगोनच्या त्या भागात, आपला पैसा गेला तो आपल्या नळासाठी. त्याच जिल्ह्यातल्या बायकांच्या काट्यापर्यंतही तो पोचावा, एवढंच माझं मागणं आहे.

सोशल स्टॉक एक्स्चेंजबद्दलही, म्हणजे सामाजिक संस्थांना पैसे उभारता यावेत म्हणून शेअर बाजारात असलेल्या वेगळ्या विभागाबद्दलही, विचारणा होते. तिथल्या 'झिरो कूपन, झिरो प्रिन्सिपल' रोख्यांत व्याजही नाही, मुद्दलही परत नाही. तो देणगीचाच प्रकार आहे, फक्त संस्थेला कामाचा अहवाल तपासून घेऊन जाहीर करावा लागतो. शाळा, आरोग्य अशा कामांसाठी ते योग्य आहे. मिरचीच्या खरेदीला ते लागू पडत नाही.

एक गोष्ट पैशाइतकीच महत्त्वाची. अशा कंपन्यांची कर्जं अनेकदा वेगळ्याच कारणाने अडतात. ताळेबंद वेळेवर तयार नसतो, साठ्याची वही आणि जीएसटीचं विवरणपत्र जुळत नाही, आरओसीकडे (कंपनी निबंधकाकडे) भरायची कागदपत्रं राहून गेलेली असतात. योजनेची तीन वर्षं संपली की हिशेबनिसाचा पगार द्यायला पैसे नसतात आणि हे सगळं आणखी मागे पडतं. निमाडात अशा बऱ्याच कंपन्या आहेत. म्हणून इंदूरमधल्या सीएंना, सीए होण्यासाठी आर्टिकलशिप (उमेदवारी) करणाऱ्या मुलामुलींना आणि बँकेतून निवृत्त झालेल्या मंडळींना माझी विनंती आहे की महिन्यातला एक रविवार द्या. साठ्याची वही, बँकेचा उतारा आणि विक्रीची बिलं समोरासमोर ठेवून जुळवायची, एवढंच काम. मिरचीची आवक वाढायच्या आत, म्हणजे दिवाळीपूर्वी दोन-तीन कंपन्यांचे ताळेबंद पूर्ण झाले तर बँकेकडे या हंगामातच अर्ज करता येईल. ज्यांना जमेल त्यांनी कळवा, जायची-यायची सोय मी बघते.