सगळं बंद, तरी मीटर चालू: वाढलेल्या वीजबिलाचा माझा अनुभव

बिल हातात आलं तेव्हा मी आधी रक्कम पाहिली आणि पोटात गोळाच आला. नेहमीच्या जवळजवळ तिप्पट. त्या संध्याकाळी घरात जे झालं ते आठवलं की अजून वाईट वाटतं. मुलाचा कॉम्प्युटर, माझी इस्त्री, सगळं निघालं आणि शेवटी गाडी येऊन थांबली बाबांवर, म्हणजे माझ्या सासऱ्यांवर. दिवसभर घरी तेच असतात, त्यांच्या खोलीतला पंखा सतत चालू असतो. तोंडावर कुणी बोललं नाही, पण त्यांच्या कानावर जायचं ते गेलंच. दुसऱ्या दिवशी दुपारी मी लवकर घरी आले तर बाबा पंखा बंद करून, घडी घातलेल्या पेपरने वारा घेत बसले होते. या बिलाचा छडा लावायचाच, हे मी तिथेच ठरवलं.

रक्कम कितीतरी कारणांनी फुगते. दर बदललेला असतो, मागची थकबाकी जोडलेली असते, कधी अनामत वाढवून मागितलेली असते, कधी बिल 30 ऐवजी 35 दिवसांचं असतं. म्हणून रकमेवर हात ठेवून मी फक्त युनिट बघितले आणि मागची सहा बिलं शेजारी मांडली. वाढ युनिटमध्येच होती. एरवी 180 च्या आसपास, या वेळी 467.

मग नजर अडकली ती आधीच्या दोन बिलांवर. दोन्हींवर 180. बरोबर 180, एक युनिट इकडे नाही की तिकडे नाही. नांदत्या घराचा वापर दोन महिने असा तंतोतंत जुळत नाही. बारीक अक्षरातला शेरा वाचला तर ‘सरासरी’. म्हणजे दोन महिने कुणी मीटर वाचलंच नव्हतं. अंदाजाने बिल लावलं होतं आणि तिसऱ्या महिन्यात प्रत्यक्ष रीडिंग घेतल्यावर राहिलेले सगळे युनिट एकदम आमच्या माथी आले होते. त्यात युनिट वाढतील तसा दर चढत जातो अशी टप्प्यांची पद्धत, त्यामुळे मागचा राहिलेला वापर एकाच महिन्यात मोजला की वरच्या टप्प्याचा महाग दर लागतो. रक्कम युनिटपेक्षाही जास्त का उडाली ते इथे कळलं.

कोडं सुटलं असं वाटलं, पण मी तिन्ही महिन्यांची बेरीज केली. 180, 180 आणि 467 मिळून 827. तीनने भागले तर महिन्याला साधारण 276. म्हणजे सरासरी बिलाचा घोळ बाजूला काढला तरी वापर खरोखरच वाढला होता, दिवसाला 6 युनिटवरून 9.2 वर. सात दिवस रोज रात्री दहा वाजता मीटरचा फोटो काढून ठेवला, तरी आकडा तोच. रोजचे 3.2 युनिट कुठे जात होते?

एक युनिट म्हणजे 1000 वॅटचं उपकरण एक तास चालणं. बाबांचा पंखा 75 वॅटचा. त्या पंख्याने 3.2 युनिट जादा खायचे तर तो रोज जवळजवळ 43 तास जादा चालायला हवा, आणि दिवस 24 तासांचा असतो. मी तो कागद तसाच बाबांकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, भागाकार स्वतः पुन्हा करून पाहिला, कागद मला परत दिला आणि उठून पंखा लावला. आम्ही दोघंही काही बोललो नाही. पण आठवडाभर त्या खोलीत जाताना जे दडपण यायचं ते गेलं.

त्यानंतरचे दोन दिवस मी फ्रिजच्या मागे घालवले. दारात कागदाचा कपटा धरून तो सहज निसटतो का, म्हणजे रबर ढिलं झालंय का, हे बघितलं. कपटा घट्ट बसत होता. दोन दिवस वाया गेले म्हणायला हरकत नाही.

रविवारी सकाळी घरातली सगळी बटणं बंद केली, फ्रिजसकट निघतील ते सगळे प्लग काढले, फक्त मेन स्विच चालू ठेवला आणि मीटरसमोर उभी राहिले. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं. आमच्या मीटरवर 3200. सगळं बंद असताना तो दिवा थांबायला हवा होता. तो थांबला नाही. साधारण साडेआठ सेकंदांनी एकदा, अगदी ठेक्यात, लुक… लुक… असं चालूच. मी घड्याळ लावून मोजलं, दहा मिनिटांत 71 वेळा. दिवसात अशी 144 दहा मिनिटं. 71 गुणिले 144, भागिले 3200. उत्तर आलं 3.2. अंगावर काटा आला. आठवडाभर जो आकडा शोधत होते तो समोर लुकलुकत होता. शिवाय ‘अर्थ’ असं लिहिलेला, म्हणजे करंट जमिनीत गळतोय असं सांगणारा, दुसरा छोटा दिवा पेटलेला होता, त्याच्याकडे आजवर कुणी पाहिलंच नव्हतं.

मुलगा बोर्डापाशी उभा राहून एकेक एमसीबी, म्हणजे त्या त्या खोलीची वीज तोडणारा खटका, खाली करत गेला. बैठकीची केली, काही फरक नाही. स्वयंपाकघराची, नाही. बाथरूमची खाली केली आणि लाल दिवा थांबला.

वायरमन दादांनी गिझर उघडला. आतल्या कॉइलच्या नळीवर पांढरट क्षार चढले होते आणि वळणापाशी केसाएवढी चीर गेली होती. तिथून करंट पाण्यात आणि टाकीवाटे अर्थिंगमध्ये उतरत होता. “पण बटण तर बंद असतं ना?” मी विचारलं. ते म्हणाले, “ताई, तीन-चार महिन्यांत बाथरूमचं काही काम काढलं होतं का?” काढलं होतं. त्या वेळी बोर्डाच्या वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. बटण फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरवर हवं, ते न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरवर आलं होतं, त्यामुळे बटण बंद केलं तरी गिझरमध्ये फेज कायम. “अर्थिंग चांगलं होतं म्हणून निभावलं,” एवढंच ते म्हणाले. त्या बाथरूममध्ये माझी माणसं रोज अंघोळ करत होती. बिलाचा राग त्या क्षणी कुठल्या कुठे गेला.

एमसीबी का पडली नाही, हेही त्यांनी सांगितलं. ती जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट झालं तर पडते आणि ही गळती तिच्या हिशेबी फारच लहान. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत फरक पडला की तोडणारी वस्तू वेगळी, आरसीसीबी. घरासाठी ती 30 मिलिअँपिअरची बसवतात. आमच्या बोर्डात नव्हती. कॉइल बदलली, वायरी सरळ केल्या आणि आरसीसीबी त्याच दिवशी बसवून घेतली. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते का ते बघायचं असतं.

राहिला प्रश्न बिलाचा. मीटर फास्ट आहे अशी तक्रार करा, असं दोघा-तिघांनी सुचवलं होतं. पण आता मोजायची पद्धत कळली होती. बाकी सगळं बंद ठेवून 100 वॅटचा एक जुना पिवळा बल्ब सहा मिनिटं लावला. दिवा 32 वेळा लुकलुकायला हवा होता, 31 वेळा लुकलुकला. मीटरमध्ये खोट नव्हती, म्हणून मी मीटरची तक्रार केलीच नाही.

तक्रार केली ती सरासरी बिलांची. पहिल्या दोन खेपांना खिडकीवरून एकच उत्तर मिळालं, आधी बिल भरा. तिसऱ्या खेपेला लेखी अर्ज नेला. सोबत तीन बिलांच्या प्रती, तारखांसह मीटरचे फोटो आणि मागणी एकच ओळीची: 827 युनिट तीन महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ द्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय मी खिडकी सोडली नाही. त्यानंतर बोलण्याचा सूर बदलला. तीन आठवड्यांनी दुरुस्त बिल आलं, रक्कम बरीच खाली आलेली. गळतीतले युनिट मात्र त्यात होतेच आणि ते आम्ही भरले. वीज आमच्याच घरात जळली होती, ती माफ करा म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

पुढच्या महिन्यात 183 युनिट आले. आकड्याच्याही आधी मी शेरा वाचला. प्रत्यक्ष रीडिंग.