शिळ्या पोळीचे चार मार्क

डिसेंबरातली दुपार. आई हॉलमध्ये पेपर पसरून मटार सोलत होती आणि मी शेजारी पालथी पडून बारावीचं इंग्रजी युवकभारती वाचत होते. वाचत होते म्हणजे शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं मराठी वाचत होते. पुस्तक शेजारच्या ताईचं. तिनं फार मनापासून अभ्यास केलेला दिसतो, कारण एकही ओळ मोकळी सोडलेली नाही. ‘सॉगी’वर ओलंचिंब, ‘सलन’वर फुगलेली, ‘एस्ट्रेंजमेंट’वर दुरावा. ‘स्टेल चपाती’वर ‘शिळी’ असं लिहून एक लांब बाण थेट समासात नेलेला, आणि बाणाच्या टोकाला : ‘घरच्यांचं दुर्लक्ष. आयएमपी.’

मी ते मोठ्यानं वाचलं, तिथेच चुकलं.

“कोण खातंय शिळी पोळी?” आईनं मान वर न करता विचारलं.

“कवितेतले वडील. लोकलनं उशिरा घरी येतात. चहा पण पांचट असतो बिचाऱ्यांचा.”

“आणि बायको कुठंय?”

बायको कवितेत नाहीच. मुलं आहेत, तीसुद्धा फुगलेली. हे सांगितल्यावर आई म्हणाली, “पहाटे पाचला उठून डबा करत असेल. ती कशाला येतीये कवितेत!” आणि एक किडकी शेंग बाजूला टाकली.

मला मात्र अडलं ते पोळीपाशी. शिळी पोळी म्हणजे दुर्लक्ष, हे गाईडमध्येही आहे, क्लासच्या नोट्समध्येही आहे. आमच्याकडे शिळ्या पोळीवरून भांडणं होतात ती जास्त कोणाला मिळाली म्हणून. ताज्या पोळीचा कुस्करा होतच नाही, लगदा होतो. त्याला रात्रीचीच पोळी लागते, डब्यात राहून जराशी कडक झालेली. आई ती हातानं कुस्करते. मिक्सरमध्ये फिरवली की भुगा होतो आणि खाताना ठसका लागतो. आधी तेलात शेंगदाणे, मग कांदा, तो कडेनं लालसर झाला की हळद-तिखट, मग पोळी, पाण्याचा हबका आणि झाकण. वरून चिमूटभर साखर आणि लिंबू. कढईच्या तळाला जी खरवड धरते ती रविवारी पप्पांची, बाकीचे सहा दिवस माझी. कारण सहा दिवस पप्पा सकाळी सातच्या सुमाराला पंचवटी एक्स्प्रेसमध्ये असतात.

कविता दिलीप चित्र्यांची आहे, ‘फादर रिटर्निंग होम’. पुस्तकात कवीचा परिचय असतो, तो कोणी वाचत नाही, मी वाचते. (ही माझी एक खोड. धड्यापेक्षा धड्याच्या आजूबाजूचं सगळं वाचायचं.) चित्रे १९३८ सालचे, बडोद्याचे, मराठीतले मोठे कवी, आणि तुकारामांचे अभंग इंग्रजीत नेणारे. म्हणजे या माणसाला कुस्करा माहीत नसेल हे शक्यच नाही. तरी त्यांनी पोळीला फोडणी दिली नाही, तशीच कोरडी त्या वडिलांच्या हातात ठेवली. असं बघितलं तर गाईडचंच बरोबर म्हणायचं. मला ते बरोबर निघालेलं आवडलं नाही, एवढंच.

कवितेच्या अप्रिसिएशनला चार मार्क असतात. त्याचे मुद्दे ठरलेले : कवी आणि शीर्षक, मध्यवर्ती कल्पना, अलंकार, संदेश आणि शेवटी ‘तुमचं मत’. आमच्या अख्ख्या वर्गाचं मत एकच आहे, कारण ते एकाच गाईडमधून आलंय. आम्हा सगळ्यांना ही कविता फार आवडते, कारण ती आपल्याला ज्येष्ठांचा आदर करायला शिकवते. इंग्रजीचा तास तसाही घाईत उरकतो. सायन्सच्या पोरांना सीईटीला इंग्रजी नाही, त्यामुळे पुढच्या बाकांवरही केमिस्ट्रीच चालू असते. पण बोर्डाचा पहिला पेपर दर वर्षी इंग्रजीचाच, म्हणून शेवटच्या आठवड्यात सगळे अलंकारांवर तुटून पडतात. लांबलचक वाक्यातून गळून पडलेल्या शब्दासारखे ते वडील गाडीतून उतरतात, अशी एक ओळ आहे. सिमिली. पुढे चला.

आमचे आजोबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. सुटी झाली की सायकलवर दहा मिनिटांत जेलरोडला घरी, आणि दारातूनच “चहा टाका” अशी हाक. त्यांच्यावर असली कविता होणं अवघडच होतं. पप्पांवर होऊ शकते. नाशिकरोड ते सीएसएमटी एकशे ऐंशीच्या वर किलोमीटर, रोज अप आणि डाऊन. मी पहिली-दुसरीत असताना शनिवारी रात्री आई मला स्कूटीवर पुढे उभी करून स्टेशनवर न्यायची. झोप आलेली असायची, पण गाडी शिरताना फलाटाला जी थरथर सुटते ती पायातून वर आली की जाग यायची. मग पासवाल्यांच्या डब्यातून आधी हसणं उतरायचं आणि मग माणसं. एकाच्या हातात पत्त्यांचा कॅट, दुसऱ्याच्या हातात इगतपुरीला घेतलेल्या वड्यांचा तेलकट कागद. पप्पा सगळ्यात मोठ्यानं हसत उतरायचे. एवढं मोठं हसणारे हे आपलेच पप्पा का, असं मला प्रत्येक वेळी वाटायचं. पार्किंगपर्यंत येईस्तोवर ते हसणं बारीक व्हायचं आणि घरी आल्यावर “दही आहे का?” एवढंच उरायचं.

जोक गाडीतच संपत असावेत. इकडे आमच्याकडूनही ते त्यांच्या ताटात वाढले जात नाहीत, हा भाग वेगळा. “काय चाललंय कॉलेजात?” या प्रश्नाला मी गेली दोन वर्षं “काही नाही” असं उत्तर देतेय, आणि ते बऱ्यापैकी खरं आहे.

त्या रात्री मात्र पप्पा जेवत असताना मी पुस्तक घेऊन समोर बसले आणि कविता वाचून दाखवली, अधूनमधून मराठी करत. पप्पांच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, त्याचं त्यांनी मनावर घेतलेलं आहे, त्यामुळे इंग्रजी वाचलं की ते मान जरा ताठ करून ऐकतात. पावसाळी रात्र, चिखलानं डागलेला रेनकोट, पुस्तकांनी फुगून फाटायला आलेली बॅग, घरी आल्यावर शिळी चपाती आणि हातात पुस्तक. मग रेडिओची खरखर ऐकत झोपणं. स्वप्नात पूर्वज आणि नातवंडं.

पप्पांनी भाताचा घास थांबवला. “ग्रुप नव्हता वाटतं ह्याचा.”

गाईडमध्ये हा मुद्दा नाही. मी आणि आई इतक्या हसलो की पप्पाही हसले, जवळजवळ फलाटावरच्यासारखे. मग आईनं पोळीचा विषय काढला आणि बायकोच्या बाजूनं ती दहा मिनिटं बोलली. पप्पा म्हणाले, कवीला लिहून कळवू.

पुस्तक मिटता मिटता मी सहज विचारलं, “तुमचा ग्रुप अजून तेवढाच आहे का?”

“कुठला! दोघं रिटायर झाले, एकानं कल्याणला फ्लॅट घेतला. लॉकडाऊननंतर काहींचं घरूनच चालतं. मंगळवारी तर मी एकटाच असतो.”

“मग मंगळवारी काय करता?”

“काय करणार? खिडकीतून बघतो.”

“रात्रीचं काय दिसतं?”

“कसाऱ्यापर्यंत दिवे दिसतात,” पप्पा म्हणाले. “मग घाट लागतो.”

त्यांनी ताटात हात धुतला आणि आईला विचारलं, उद्यासाठी पोळ्या उरल्यात का. तीन उरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, आणि माझा फिजिक्सचा पेपर.