नेपल्समधली ३१ डिसेंबरची रात्र

इटलीत नववर्षाचं स्वागत पाहायचं असेल तर संध्याकाळी लवकर बाहेर पडून काही हाती लागत नाही. आम्ही ३१ तारखेला साडेसातला व्हिया टोलेडोवर होतो. भारतात तेव्हा बारा वाजले होते, म्हणून घरी फोन करत उभे होतो. बोलणं होईपर्यंत आजूबाजूच्या दुकानांची शटर्स खाली यायला लागली आणि बघता बघता रस्ता ओस पडला. लोक गेले कुठे? जेवायला, आपापल्या घरी. साडेआठला राष्ट्रपतींचं भाषण टीव्हीवर लागतं. १९४९ साली लुइजी आयनाउदींनी रेडिओवरून सुरू केलेली ही प्रथा आहे. त्यानंतर जी पंगत बसते ती मध्यरात्र ओलांडूनच उठते. या जेवणाला 'चेनोने' म्हणतात, म्हणजे मोठं रात्रीचं जेवण. आणि या दिवसाला 'सान सिल्व्हेस्त्रो', कारण संत सिल्व्हेस्टर हे पोप ३३५ साली ३१ डिसेंबरला वारले.

तेव्हा पहिली गोष्ट, जेवणाची जागा काही आठवडे आधी ठरवा. त्या रात्री बरीच हॉटेलं बंद असतात. उघडी असतात तिथे ठरलेलं जेवण आणि ठरलेला दर असतो, पुष्कळदा पैसेही आधी घेतात. आम्ही नोव्हेंबरमध्येच एका घरगुती खानावळीत तीन पानं सांगून ठेवली होती. मी, नवरा आणि सासूबाई. आई एकाहत्तर वर्षांच्या, पक्क्या शाकाहारी, आणि नेपल्समधलं हे जेवण म्हणजे मासेच मासे. शिंपल्यांची स्पॅगेटी, तळलेला बक्काला म्हणजे खारवलेला कॉड, कापितोने नावाची जाड वाम. शाकाहारी मंडळींनी आधीच कळवावं. 'नियेन्ते कार्ने, नियेन्ते पेशे' (मांस नको, मासे नको) एवढं पुरतं. आईंना फ्रियारिएल्ली मिळाली. ही तिथली किंचित कडसर पालेभाजी लसूण आणि मिरची घालून परततात. त्यांनी ती दोनदा मागून घेतली.

मसुराच्या बाबतीत मात्र सावध राहा. मध्यरात्रीनंतर पानात मसूर पडलाच पाहिजे. दाणा नाण्यासारखा गोल, म्हणून जितका खाल तितका वर्षभर पैसा, अशी समजूत. उंब्रियातल्या कास्तेल्लुच्चोचा बारीक मसूर त्यात नावाजलेला. पण सोबत कोतेकीनो हे डुकराच्या मांसाचं जाड सॉसेज असतं, नाहीतर झाम्पोने, म्हणजे तेच सारण भरलेला डुकराचा पाय. मसूर पुष्कळदा त्याच्याच रसात शिजवतात. म्हणून नुसतं 'बाजूला काढा' म्हणून भागत नाही, वेगळा शिजवायला सांगा. आमच्या खानावळीने तो सेलरी-गाजर घालून वेगळा केला होता. आपल्या आमटीपेक्षा घट्ट आणि बिनमसाल्याचा, पण चवीला सुरेख.

या रात्रीतलं मला सगळ्यात आवडलं ते जेवणाच्या मधल्या वेळात झालेलं. मालकांच्या आई वेताची टोपली घेऊन आल्या आणि टेबलाटेबलावर पुठ्ठ्याची तिकिटं वाटली. तीन ओळी, पंधरा आकडे. आई एकदम म्हणाल्या, "अगं, हा तर तांबोला!" खरंच होतं. आपण सोसायटीत खेळतो त्या तांबोल्याचं नाव इथल्याच 'तोंबोला'वरून आलं. सांगतात की १७३४ मध्ये नेपल्सचा राजा चार्ल्स आणि फादर रोक्को हे धर्मगुरू यांचा लॉटरीवरून वाद झाला. नाताळच्या आठवड्यात लॉटरी बंद ठेवायची असं ठरलं, तेव्हा लोकांनी ती घरात आणली.

टोपलीचं नाव पानारिएल्लो. आकडा निघाला की नुसता पुकारत नाहीत, त्याचा अर्थही सांगतात. १ म्हणजे इटली, २२ म्हणजे वेडा, ३३ म्हणजे ख्रिस्ताचं वय, ९० म्हणजे भीती. आकडे आणि स्वप्नं यांच्या या कोष्टकाला स्मोर्फिया म्हणतात, आणि नेपल्सची माणसं त्यावरून लॉटरीचे आकडेही लावतात. तिकिटावर खूण करायला वाल ठेवले होते. एका ओळीत दोन आकडे लागले की आम्बो, तीन लागले की तेर्नो, मग क्वातेर्ना, चिंक्विना आणि शेवटी तोंबोला. तिसऱ्या डावात आईंचा तेर्नो लागला. बक्षीस म्हणून लाल रिबिनीत बांधलेली मसुराची पुडी मिळाली. त्या आजीबाईंनी आईंचे दोन्ही हात धरून 'आउगुरी, आउगुरी' म्हटलं. शुभेच्छांचा हा शब्द त्या आठवड्यात दिवसाला पन्नासदा तरी ऐकू येतो.

बाराला आतषबाजी सुरू झाली आणि ती गच्च्यांमधून, बाल्कन्यांमधून, चहूकडून. जुनी भांडी, जुनं फर्निचर खिडकीतून फेकायची चाल आता जवळजवळ गेली आहे, तरी अरुंद गल्ल्यांतून बाल्कन्यांखालून चालू नका. क्वार्तिएरी स्पान्योली या जुन्या, दाटीवाटीच्या वस्तीत तर त्या तासात शिरूच नका. दरवर्षी फटाक्यांनी माणसं जखमी होतात, आणि इथले काही बार आपल्या सुतळी बॉम्बपेक्षा कितीतरी मोठे असतात. आम्ही अर्धा तास खानावळीतच थांबलो आणि मग समुद्राकाठी लुंगोमारेवर गेलो. कास्तेल देल्लोव्हो किल्ल्याकडची रोषणाई तिथून नीट दिसते. तिची वेळ महापालिका दरवर्षी जाहीर करते, ती बघून निघा. मुक्काम चालत पोचता येईल इतका जवळ घ्या, कारण टॅक्सी मिळत नाही. आणि कान झाकतील अशा टोप्या न्या. थंडीसाठी तर हव्याच, आवाजासाठीही.

डिसेंबरअखेरीला सगळ्या दुकानांत लाल अंतर्वस्त्रं टांगलेली दिसतात. ती त्या रात्री घालायची, दुसऱ्याने भेट दिलेली असली तर जास्त शुभ. नवऱ्यासाठी मी लाल मोजे घेतले, तेही चालतात म्हणे.

१ जानेवारीची सकाळ म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. रस्ताभर कागदांचा लगदा, धुराचा वास. न फुटलेल्या फटाक्याला हात लावू देऊ नका, मुलं बरोबर असतील तर विशेष लक्ष ठेवा. पॉम्पेई त्या दिवशी बंद असतं, म्हणून ते २ तारखेला ठेवा. १ तारखेलाच रोमला जाणार असाल तर दुपारी बाराच्या आत काव्हूर पुलावर पोचा. १९४६ पासून त्या पुलावरून टायबर नदीत उडी मारायची प्रथा आहे. आमची ती हुकली, कारण आई दहापर्यंत झोपल्या होत्या आणि त्यांना उठवावंसं वाटलं नाही.

जमलं तर ६ जानेवारीपर्यंत राहा. आदल्या रात्री बेफाना नावाची म्हातारी झाडूवरून येते आणि मुलांच्या मोज्यांत खाऊ ठेवते, खोडकर मुलांना कोळसा. हा कोळसा साखरेचा असतो आणि मिठाईच्या दुकानात वजनावर मिळतो. आम्ही पाव किलो आणला. मसुराची पुडी मात्र आईंनी अजून उघडलेली नाही, ती देवघरात ठेवली आहे.