तिसरा पक्षी

डिसेंबर २०२१. अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टूसॉन शहराहून आल्टर खोऱ्याकडे निघालो तेव्हा अजून झुंजुमुंजू व्हायचं होतं. पिकअपच्या काचेवरचं दव गोठलं होतं आणि आजोबा ते जुन्या कार्डाच्या कडेनं खरवडत होते. इकडे कुणी कुणाला आजोबा म्हणत नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसालाही नावानं हाक मारायची पद्धत आहे आणि तोंडानं मीही तेच करते. मनात मात्र ते आजोबाच. आमच्या दोघांच्या मध्ये रूबी, त्यांची नऊ वर्षांची शिकारी कुत्री, माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपली होती.

मी या वाळवंटातल्या लाव्यांचा अभ्यास करते. गॅम्बेल लावा. नराच्या डोक्यावर पुढं झुकलेला काळा तुरा, पोटावर काळा डाग, वजन जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम. अभ्यासाला लागणारे पंख आणि गळपिशव्या (खाल्लेलं बी पक्षी गळ्याशी साठवतो ती पिशवी) शिकाऱ्यांकडून येतात. मारलेल्या प्रत्येक पक्ष्याचा एक पंख पाकिटात घालायचा, वर तारीख आणि ठिकाण लिहायचं. पण किती थवे दिसले, पक्षी कुठल्या झुडपातून उठले, किती जखमी होऊन हाती लागलेच नाहीत, हे पाकीट सांगत नाही. त्यासाठी हंगामात काही दिवस मी स्वतः शिकाऱ्यांबरोबर रानात चालते.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या माळकरी घरातली. आमच्या स्वयंपाकघरात कधी अंडंही आलं नाही. बंदूक मी आजवर हातात धरलेली नाही आणि धरायची इच्छाही नाही. तरी माझ्या पगाराचा काही भाग बंदुकांमधूनच येतो. अमेरिकेत १९३७ च्या एका केंद्रीय कायद्यानं लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो, आणि तो पैसा राज्यांना मुख्यतः वन्यजीवांच्या कामासाठी मिळतो. आईला फोनवर हे समजावून सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मारणाऱ्यांच्या पैशावर तू राखतेस." तिला ते पटलेलं नाही. तिचं न पटणं मला कळतं.

उजाडलं तेव्हा आम्ही सरकारी चराऊ जमिनीच्या फाटकाशी होतो. पश्चिमेला बाबोकिवारीचं शिखर, साडेसात हजार फुटांहून उंच, एखाद्या सुळक्यासारखं एकटं उभं. इथल्या तोहोनो ओओधाम लोकांचं ते पवित्र स्थान. त्यांचा आदिपुरुष ईईतोई त्या डोंगराच्या पोटात राहतो अशी त्यांची श्रद्धा आहे. आजोबा गाडीतून उतरले की आधी त्या शिखराकडे तोंड करून क्षणभर उभे राहतात. का, ते मी कधी विचारलं नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे रान सगळंच परकं वाटत नाही. मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. तोच काटा, त्याच शेंगा, तीच विरळ सावली. फड्या निवडुंग तर आपल्या बांधाबांधावर असायचा, तो मुळात या खंडातलाच. परका आहे तो चोया निवडुंग. लांबून मऊ, सोनेरी लव आल्यासारखा दिसतो. जवळून गेलात की त्याचं बोंड कधी अंगाला चिकटलं ते कळतही नाही, म्हणून लोक म्हणतात की तो उडी मारतो. काट्याच्या टोकाला उलटी, माशाच्या गळासारखी खवलं असतात. आत जाताना सहज जातो, निघताना मांस घेऊन निघतो. आजोबांच्या मागच्या खिशात म्हणून सदैव एक लोखंडी फणी आणि पक्कड असते.

त्या दिवशी रान हिरवं होतं, आणि त्याच हिरवळीनं आम्हा दोघांना चकवलं. खरं तर मला चकवायला नको होतं.

इकडेही उन्हाळी पावसाला मान्सूनच म्हणतात. १५ जून ते ३० सप्टेंबर ही त्याची मुदत. २०२० चा मान्सून टूसॉनच्या नोंदींतला दुसऱ्या क्रमांकाचा कोरडा गेला. लगेच पुढच्या वर्षी, २०२१ ला, तिसऱ्या क्रमांकाचा ओला मान्सून झाला. बारा इंचांहून जास्त. गवत गुडघ्याला आलं. डिसेंबरातही ते पिवळं होऊन उभं होतं, बियांनी वाकलेलं. आजोबा फाटक लावता लावता म्हणाले, "असं गवत मी दहा वर्षांत पाहिलं नाही. आज पक्षी पायात येतील."

पहिल्या दोन तासांत दोन थवे दिसले. चांगल्या वर्षी एवढ्या वेळात पाच-सहा तरी दिसावेत.

गॅम्बेल लाव्याची शिकार म्हणजे बहुतेक चालणं, आणि त्यातलं बरंचसं धावणं. हा पक्षी उडण्याआधी पळतो. पंधरावीस काळे तुरे झुडपांच्या बुडातून लगबगीनं पुढं सरकताना दिसतात आणि तुम्ही पोचेपर्यंत तिथं फक्त वाळूवरची पावलं उरतात. म्हणून थव्याच्या अंगावर धावत जाऊन तो उठवायचा, फोडायचा. फुटला की एकेकटा पक्षी गवतात दबून बसतो आणि मग कुत्रीचं काम सुरू होतं. रूबी वाऱ्यात नाक धरून चालते, एकदम थिजते, पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ. आजोबा शांतपणे तिच्या बाजूनं पुढं होतात. पक्षी फर्रकन उठतो. दुनळीचा एकच बार. दुसरी नळी ते क्वचितच ओढतात.

अशा दोन वेळा दोन पक्षी मिळाले. दोन्ही जागीच गतप्राण. मी वेळ आणि ठिकाण टिपलं.

तिसरा थवा एका कोरड्या ओढ्याच्या काठावर उठला. रूबीनं एक पक्षी हेरला, तो डावीकडे सूर्यात उठला, बार झाला. पक्षी खाली आला, पण पडला नाही, उतरला. एक पंख लोंबत होता आणि पाय शाबूत होते. वाळू ओलांडून तो सरळ एका जुन्या मेस्कीटच्या बुडाशी शिरला. तिथं पॅकरॅटचं घर होतं.

पॅकरॅट हा इथला एक उंदीर. काटक्या, शेण, हाडं, चोयाची बोंडं, जे सापडेल ते ओढून आणून कंबरेएवढा ढीग रचतो आणि त्याच्या आत राहतो. पिढ्यान्‌पिढ्या तेच घर वाढत जातं. कोरड्या कपारींमधले असे ढीग ४० हजार वर्षांहून जुने सापडले आहेत, आणि त्यात टिकलेल्या पानांवरून तेव्हा इथं कुठली झाडं होती हे अभ्यासक वाचतात. हा ढीग काही तेवढा जुना नसेल, पण चांगला भक्कम होता. वरून चोयाची बोंडं कुंपणासारखी पसरलेली.

रूबी पक्ष्याच्या मागोमाग त्यात घुसली आणि किंचाळली.

आजोबांनी बंदूक उघडून काढलेली काडतुसं माझ्या हातात दिली आणि ते गुडघ्यांवर बसले. रूबीच्या जबड्याला तीन बोंडं, पुढच्या पंजात एक. मी तिचं डोकं छातीशी घट्ट धरलं. त्यांनी फणी बोंडाखाली सरकवून झटक्यात एकेक उडवलं, मग उरलेले काटे पक्कडीनं ओढले. जिभेवरचा एक काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती थरथरत होती, पण चावली नाही. माझ्या बाहीवर तिचं रक्त लागलं.

मला वाटलं, आता परत फिरू. आजोबा ढिगासमोर वाळूत मांडी घालून बसले.

"हात घालून बघू का?" मी विचारलं.

"नको. हिवाळ्यात यात रॅटलस्नेक निजलेला असू शकतो."

"मग काठीनं उकरू?"

त्यांनी मान हलवली. "या घरात राहणाऱ्यानं माझं काही बिघडवलेलं नाही."

घड्याळात साडेदहा वाजले होते. ओढ्यापलीकडे फुटलेला थवा पुन्हा गोळा व्हायला लागला होता. थवा मोडला की हे पक्षी एकमेकांना बोलावतात; ची-का-गो, ची-का-गो, असं काहीसं ऐकू येतं. मधला स्वर उंच, शेवटचा खाली सोडलेला. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं ओ द्यायची. आणि तेवढ्यात ढिगाच्या आतून, आमच्यापासून दोन हातांवरून, तीच हाक आली. बारीक, पण पुरी.

मला गावाकडचे एक म्हातारे आठवले. शाळेच्या मागं पालावर राहायचे. फासेपारधी. तोंडाला दोन बोटं लावून तितराची अशी हाक काढायचे की बांधावरून खरं तितर उत्तर द्यायचं. आम्ही पोरं त्यांच्याभोवती जमायचो. ते सांगायचे, पाखरू भुकेला फसत नाही, आपल्याच माणसाच्या हाकेला फसतं. पाखरांची त्यांच्याइतकी जाण असलेला माणूस मला पुढं विद्यापीठातही फार वेळा भेटला नाही. गावात चोरी झाली की मात्र पोलीस सगळ्यांत आधी त्यांच्याच पालावर जायचे. ते आठवलं की आजही माझ्या पोटात कालवतं.

आजोबांच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेली लाकडी शीळ होती. थवा कुठं आहे ते कळावं म्हणून शिकारी ती वाजवतात. त्यांनी ती ओठांना लावली, पुन्हा काढली. माझ्याकडे बघितलं. आपण काय करणार आहोत ते त्यांना पुरतं कळत होतं, आणि मलाही. न वाजवावी तर पक्षी आत दोन दिवस पंख ओढत राहणार, नाहीतर रात्री कोल्हा येणार. वाजवावी तर तो आपल्या माणसांत चाललोय असं समजून बाहेर येणार.

त्यांनी शीळ वाजवली. आतून उत्तर आलं. ते थांबले. पुन्हा वाजवली. प्रत्येक वेळी आवाज थोडा जवळून येत होता. असं पाऊण तास चाललं. माझे पाय बधिर झाले. रूबीला मी गळपट्ट्याला धरून ठेवलं होतं, आणि ती जखमी तोंडानं, एकही आवाज न काढता, ढिगाकडे बघत होती.

मग काळा तुरा दिसला. मान बाहेर, मग एक पाऊल. आजोबांनी नुसतं "हं" म्हटलं. मी पट्टा सोडला. चोयाची बोंडं चुकवत, या खेपेला वळसा घालून, रूबी गेली आणि पक्षी अलगद तोंडात धरून घेऊन आली. आजोबांनी तो हातात घेतला, मान मुरगाळली. क्षणाचं काम. मग त्याची पिसं सारखी केली, लोंबणारा पंख मिटवून अंगाशी लावला, आणि तसेच बसून राहिले.

कायद्यानं दिवसाला १५ लावे मारता येतात. सूर्य डोक्यावर यायचा होता, ओढ्यापलीकडे थवा बोलत होता. आजोबा उठले ते गाडीच्या दिशेनं.

पिकअपचा फाळका पाडून मी त्यावर माझं सामान मांडलं. तीन पंख शेजारी शेजारी. उडायच्या मोठ्या पिसांच्या मुळाशी छोटी झाकणपिसं असतात. पहिल्या वर्षाच्या पक्ष्यात त्यांची टोकं फिकट, बदामी असतात, मोठ्यात सगळी एकसारखी राखाडी. चांगल्या वर्षी माझ्या पाकिटांमध्ये कोवळे पक्षी मोठ्यांच्या दुपटीनं असतात. इथं तिन्ही राखाडी.

"एकही पोर नाही?" आजोबांनी चष्मा सरकवत विचारलं.

मी गळपिशव्या उघडल्या. गवताचं बी, मेस्कीटचं बी, भरपूर. उपाशी कुणीच नव्हतं. मी त्यांना सांगितलं ते असं: या पक्ष्याची वीण उन्हाळी पावसावर नाही, आदल्या हिवाळ्याच्या पावसावर ठरते. हिवाळ्यात पाऊस झाला की जमिनीवर कोवळी हिरवी रोपं येतात, पक्षी ती खातात, त्यांतून अ जीवनसत्त्व मिळतं आणि शरीर विणीला तयार होतं. हिवाळा कोरडा गेला तर कित्येक पक्षी जोड्याच लावत नाहीत, वसंतातही थव्यानंच फिरतात. २०२०-२१ चा हिवाळा कोरडा गेला. जुलैतला पाऊस आला तोवर विणीला उशीर झाला होता. आज आपण बघतोय हे गवत आहे, पक्ष्यांचं साल नाही.

आजोबांनी गाडीतून वही काढली. १९७४ पासूनची त्यांची टिपणं तिच्यात आहेत. तारीख, थवे, पक्षी, आणि समासात त्या वर्षीच्या पावसाचा अंदाज, इंचांत. एका बोटानं ते मागं मागं जात राहिले. नंतर त्यांनी ते पान माझ्यापुढं धरलं. जिथं थवे कमी, तिथं समासात उन्हाळ्याचा आकडा बऱ्याचदा चांगलाच होता. हिवाळ्याचा त्यांनी कधी लिहिलाच नव्हता.

पेन्सिल मागून घेऊन त्यांनी समासात दुसरी रेघ आखली.

"म्हणजे हे तिघंही गेल्या वर्षीचा दुष्काळ काढून आलेले," ते म्हणाले. ते विचारत नव्हते, म्हणून मी उत्तर दिलं नाही. या हंगामात आपण पुन्हा येणार नाही, असं मात्र त्यांनी लगेच सांगितलं. रूबीला पाणी पाजलं. तिच्या पंज्याला मलम लावलं. पक्षी बर्फाच्या पेटीत ठेवले.

परतीच्या वाटेवर मी तक्ता भरायला घेतला. दिसलेले थवे: ३. मारलेले पक्षी: ३. पैकी प्रौढ: ३. पुढच्या रकान्यात "जखमी होऊन हरवलेले" असं छापलेलं असतं. शिकारी लोक तो बऱ्याचदा कोराच सोडतात. आजोबांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "ते भरलंस का?"

मी तिथं ० लिहिलं, आणि शेजारी, जिथं काही लिहायची जागा नसते तिथं, वेळ लिहिली: १० वाजून ३० ते ११ वाजून १५.