शिंतोडे

‘पान 14, उजवी कडा : नारिंगी रंगाचे बारीक शिंतोडे. मूळ चित्राशी संबंध नाही. काढता येतील.’ अहवालात मीच हे लिहिलं होतं. कागदाचं जतन करणाऱ्या माणसाची नजर अशीच तयार होते.

वही 1970च्या दशकातली, न्यूयॉर्कच्या दक्षिण ब्राँक्समधल्या एका रायटरची. ग्राफिटी करणारी, म्हणजे भिंतींवर आणि रेल्वेच्या डब्यांवर रंगाने आपलं नाव काढणारी ती पोरं स्वतःला रायटर म्हणवायची आणि कच्च्या आराखड्यांच्या वहीला ब्लॅकबुक. वहीतल्या मार्करच्या शाईला द्रावणाचा नुसता स्पर्श झाला तरी ती पसरते. म्हणून चार दिवस मी सूक्ष्मदर्शकाखाली टाकाऊ कागदांवर हात बसवत होते. पान 14 त्याच दुपारी घ्यायचं ठरलं होतं.

सकाळी वहीचे मालक प्रयोगशाळेत आले. आता पासष्टी ओलांडलेले. वहीकडे जाण्याआधीच ते शेजारच्या टेबलापाशी थबकले. तिथे वहीसोबत प्रदर्शनात ठेवायच्या एका नकाशाची मोठी प्रत पसरलेली होती. 1933 साली स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या अमेरिकी सरकारी संस्थेने शहराशहरांचे असे नकाशे रंगवले : उत्तम वस्ती हिरवी, मग निळी, मग पिवळी आणि घरकर्ज द्यायला ‘धोकादायक’ वस्ती लाल. सोबतच्या तक्त्यात वस्तीत कृष्णवर्णीय किती, याचा वेगळा रकानाच असे. माझ्या मनात आलेला शब्द मराठीच होता : गावकूस.

त्यांनी आपली गल्ली शोधली. लालमध्ये. “वडलांना कायमची नोकरी होती, पण घरासाठी कर्ज कधीच मिळालं नाही,” एवढंच म्हणाले. पुढचं मला माहीत होतं. 1970 ते 1980 या दहा वर्षांत आगी आणि ओसाडीमुळे ब्राँक्सच्या सात जनगणना-विभागांतल्या 97 टक्क्यांहून अधिक इमारती गेल्या.

“भुयारी रेल्वेचा डबा रात्री यार्डात उभा असायचा,” ते सांगू लागले. “सकाळी तो मॅनहॅटनमधून पार ब्रुकलिनला जायचा. माझं नाव जिथून फिरून यायचं, तिथे मला कुणी भाड्याने खोली दिली नसती.”

1977पासून शहर ते डबे रसायनांनी धुऊ लागलं. रंगवलेला शेवटचा डबा 12 मे 1989 रोजी रुळांवरून हटवला गेला. आणि याच वर्षांत गॅलऱ्या त्याच पोरांचे कॅनव्हास विकत घेत होत्या! कॅनव्हासवर ती कला आणि वस्तीतून आली की घाण. याचा मला राग येतो, आजही.

पान 14 उलटलं आणि ते गप्प झाले. मग डावा हात वही धरल्यासारखा छातीशी नेला, उजवा हवेत. “आराखडा बघत मारायचो. हा त्या रात्रीचाच रंग.” तो डबा काही दिवसांतच धुतला गेला होता. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता.

कापसाचे बोळे तबकात मांडून तयार होते. मी तबक उचलून कपाटात ठेवलं आणि अहवालातली ती ओळ खोडली.

“नारिंगीखाली निळा दिसतो का, बघा ना,” ते म्हणाले. “आधी निळा मारला होता.”

मी सूक्ष्मदर्शक पानावर आणला. कडेच्या एका ठिपक्याखाली निळा होता.