नवरीच्या मागे उभी असलेली

लग्नाचे सिनेमे बघताना माझं लक्ष नवरीकडे फारसं नसतं. तिचं सगळं ठरलेलं असतं. उजेड तिच्यावर, कॅमेरा तिच्यावर, पहिल्या रांगेतल्या बायकांचे रुमालही तिच्यासाठीच. मी शोधते ती तिच्या मागे फुलांचा गुच्छ धरून उभी असलेली दुसरी. हसू अगदी मापात शिवून आणलेलं, नजर मात्र नवऱ्या मुलावर. ही बाई एकदा सापडली की मी पाय वर घेऊन नीट बसते. आता खरा सिनेमा सुरू.

ही आवड चारचौघांत कबूल करायची सोय नाही. "यांचा शेवट पहिल्या दहा मिनिटांत कळतो," हा आक्षेप ठरलेला. कळतो ना. पण कोणाचा? ज्या दोघांचं जमायचंय त्यांचा. जिचं जमणार नाही तिचं काय होणार, हे शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत कळत नाही. पुष्कळदा ते लिहिणाऱ्यालाही नीट कळलेलं नसतं, असा माझा संशय आहे.

एकतर्फी प्रेमात दुःख असतं हे खरं, पण त्याची मुख्य अडचण वेगळीच आहे. त्यात काही घडतच नाही. प्रेमभंगाला निदान भांडण असतं, परत केलेल्या वस्तू असतात, मैत्रिणीला रात्री दोन वाजता करायचा फोन असतो. एकतर्फी प्रेमाला ना सुरुवातीची तारीख, ना शेवटची. त्याने 'पोचलीस का?' असं विचारलं की आठवडा बरा जातो, नाही विचारलं की वाईट जातो. संपलं. सांत्वनाला कोणी येत नाही, कारण काही झालेलंच नसतं. वर्षं जातात, आणि बघणाऱ्यांना एवढंच दिसतं की या दोघांची मैत्री बाई छान टिकली!

आता अशा गोष्टीवर सिनेमा काढायचा कसा? कॅमेऱ्यात पकडावं असं तिथे काहीच नाही. म्हणून लग्न. त्याचं, दुसरीशी. एका फटक्यात त्या बिनतारखेच्या प्रकरणाला तारीख मिळते. शनिवार, सकाळी अकरा. त्याच्या आत बोल, नाहीतर गप्प बस. वर सगळी माणसं एका छपराखाली जमलेली, अंगात ठेवणीतले कपडे, समोर माइक, आणि "तू तर त्याला इतकी वर्षं ओळखतेस, दोन शब्द बोल ना" असा आग्रह. रडायला आडोसा नाही, निघून जाता येत नाही आणि नाचावंही लागतं. शोकांतिकेच्या सामानातून विनोद उभा करायला याहून चांगली जागा मला तरी ठाऊक नाही.

त्यात पाश्चात्त्य सिनेमाला चर्चमधलं ते जगप्रसिद्ध वाक्य आयतंच मिळालं. या विवाहाला कोणाची हरकत असेल तर आत्ता बोला, नाहीतर कायमचे गप्प राहा. मग शांतता. सगळ्या माना मागे वळतात, दार करकरतं. आपल्याला वाटतं, हे वाक्य उशिरा जागं होणाऱ्या प्रेमिकांच्या सोयीसाठीच लिहिलेलं असणार. तसं मुळीच नाही. १२१५ साली ख्रिस्ती चर्चच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने चोरून होणाऱ्या लग्नांना आळा घालायला विवाह आधी जाहीर करण्याचा नियम केला. नवरा मुलगा आधीच विवाहित आहे, किंवा दोघं एकमेकांच्या फार जवळच्या नात्यातली आहेत, असं कोणाला ठाऊक असेल तर त्याने वेळेत पुढे यावं, हा हेतू. भर लग्नात मागितली जाणारी हरकतही त्याच जातकुळीची, म्हणजे कायद्याची. 'जेन एअर' या १८४७ च्या कादंबरीत लग्न थांबतं ते नवऱ्या मुलाची बायको जिवंत आहे म्हणून. ही नियमात बसणारी हरकत झाली. 'पण माझं तिच्यावर प्रेम आहे' हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. सिनेमाने मात्र हीच एक हरकत खरी मानली. धर्मगुरू काहीही म्हणोत, माझं मत सिनेमाच्या बाजूने.

पळून जाणाऱ्या नवऱ्या मुलींचं मला तेवढं कौतुक नाही. फ्रँक काप्राच्या 'इट हॅपन्ड वन नाइट'मधली नवरी १९३४ सालीच ऐन समारंभातून पळाली आणि पाचही मोठी ऑस्कर घेऊन गेली. पण पळणाऱ्या जिंकलेल्याच असतात, त्यांची वाट बघत कोणीतरी उभं असतं. माझा जीव अडकतो तो मागे राहिलेल्या नवरदेवात. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये या कामाला एक हुकमी माणूसच होता, राल्फ बेलामी. सज्जन, भरवशाचा, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा, आणि नायिकेच्या दृष्टीने अगदीच निरुपयोगी. 'द ऑफुल ट्रुथ'मध्ये (१९३७) तो कॅरी ग्रँटपुढे हरला, 'हिज गर्ल फ्रायडे'मध्ये (१९४०) पुन्हा कॅरी ग्रँटपुढेच हरला. या दुसऱ्या सिनेमात तर ग्रँट त्याचं वर्णन करताना सरळ सांगतो, की तो सिनेमातल्या त्या राल्फ बेलामीसारखा दिसतो! माणूस हरण्यासाठी इतका प्रसिद्ध झाला की त्याचं नाव हीच ओळख पुरली. पहिल्या पराभवासाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, हे मला न्यायाचं वाटतं. 'कुछ कुछ होता है'मध्ये (१९९८) लग्नाच्या दिवशी नवरी दुसऱ्याच्या हाती सोपवणाऱ्या अमनच्या भूमिकेसाठी सलमान खानलाही सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. बायको नाही तर बाहुली, अशी ही परंपरा.

हरणाऱ्या पुरुषांबद्दल एक तक्रारही आहे. 'लव्ह ॲक्च्युअली'मध्ये (२००३) नवऱ्या मुलाचा मित्र लग्नाची चित्रफीत काढतो. नवरी ती बघायला मागते, तो टाळाटाळ करतो, शेवटी ती लावते. चित्रफितीत फक्त ती आहे. तिचा चेहरा, पुन्हा चेहरा, नुसता चेहरा. प्रेमाचा एक शब्द तो तोंडातून काढत नाही. इथपर्यंत मी त्याच्या बाजूने. पण पुढे हा गृहस्थ तिच्या दारात येऊन मोठमोठ्या पुठ्ठ्यांवर प्रेम लिहून दाखवतो, आत नवरा बसलेला असताना. लोक या प्रसंगाने विरघळतात. मला त्या बाईची काळजी वाटते. आता तिने ते गुपित ठेवायचं कुठे? आपलं ओझं हलकं करताना ते समोरच्याच्या डोक्यावर ठेवणं म्हणजे त्याग कसा? चित्रफितीपाशी थांबला असता तर मी त्याला आयुष्यभर माफ केलं असतं.

बायकांच्या वाट्याला वेगळं काम येतं. त्यांना हरता हरता राबावंही लागतं. 'ट्वेंटीसेव्हन ड्रेसेस'मधली (२००८) जेन सत्तावीस वेळा करवली झालेली, त्या सगळ्या पोशाखांनी तिचं कपाट भरलेलं. तिचं आपल्या साहेबावर मुकं प्रेम, आणि साहेब पटकावते तिची धाकटी बहीण. लग्नाची तयारी कोणी करायची? जेनने. ही कल्पना नवी नाही. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये पुरुषवेश घेतलेली व्हायोला ज्याच्यावर प्रेम करते, त्याचेच प्रेमाचे निरोप दुसरीकडे पोचवते, आणि मनातलं सांगायचं झालं तर बहिणीची गोष्ट म्हणून सांगते. चारशे वर्षांत निरोपाच्या जागी निमंत्रणपत्रिका आल्या, एवढाच फरक. व्हायोलाला शेवटी तिचा ड्यूक मिळतो. त्याच नाटकात जिवावर उदार होऊन सेबॅस्टियनच्या मागे आलेला अँटोनिओ मात्र शेवटच्या जोड्या लागताना नुसता उभा राहतो. त्याला द्यायला लेखकाकडे दोन ओळीही उरल्या नव्हत्या.

जेनच्या गोष्टीत मला सगळ्यात आवडते ती एक छोटीशी जागा. लग्न मोडतं, साहेब मोकळा होतो, तिच्यापाशी येतो, दोघं एकमेकांचं चुंबन घेतात. आणि काहीच होत नाही. वर्षानुवर्षं जपलेलं प्रेम हातात आल्यावर नुसतंच हातात राहतं. मुक्या प्रेमातली ही खरी भीती, आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. तो 'नाही' म्हणाला तर रडता तरी येईल; 'हो' म्हणाला तर काय करायचं?

'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' (१९९४) हा या सगळ्यांत शहाणा सिनेमा. त्यात फिओना आहे, क्रिस्टिन स्कॉट थॉमसने केलेली. काळे कपडे, तिरकस बोलणं, हातात सिगारेट. तिसऱ्या लग्नात तिचा मित्र चार्ल्स तिला सहज विचारतो, तुला कोणी आवडतं का? ती तितक्याच सहज सांगते की तूच, पहिल्या भेटीपासून. चार्ल्स गडबडतो. मग तीच त्याला सावरते, चालायचंच, मैत्रीही काही वाईट नाही, अशा सुरात. सांगितलं तिने, आणि धीरही तिनेच द्यायचा! ना संगीत, ना पाऊस. सिनेमा पुढच्या प्रसंगाला लागतो. चौथ्या लग्नात हरकतीचं वाक्य येतं तेव्हा नवरदेव खुद्द चार्ल्स असतो, आणि हरकत घेतो त्याचा कर्णबधिर भाऊ, हातांच्या खुणांनी. खुणांचा अर्थ मोठ्याने सांगायची पाळी चार्ल्सवरच येते: नवऱ्या मुलाचं दुसऱ्याच कोणावर तरी प्रेम आहे. नवरी त्याला ठोसा मारते. योग्यच करते. शेवटच्या नामावलीत सगळ्यांच्या लग्नांचे फोटो येतात, आणि त्यात फिओनाशेजारी चक्क ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स. गंमत आहे, मी हसलेही. पण त्या गमतीत एक कबुलीही आहे. ही बाई अशीच सोडायचा धीर झाला नाही, आणि खरा जोडीदार सुचला नाही, म्हणून दिला एक राजपुत्र.

तो धीर तीन वर्षांनी 'माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग'मध्ये झाला, तोही एकदम नाही. ज्युलिया रॉबर्ट्सची ज्युलियन ही आपल्या जिवलग मित्राचं लग्न मोडायलाच येते. खोटं बोलते, कारस्थानं करते, आणि आपण निर्लज्जपणे तिच्या बाजूने असतो. नवरीची फजिती व्हावी म्हणून ती तिला सगळ्यांसमोर माइक घेऊन गायला लावते. नवरी भयानक बेसूर गाते. लोक आधी ओरडतात, मग टाळ्या वाजवतात, आणि नवरा मुलगा तिच्या आणखी प्रेमात पडतो. तिथे ज्युलियनचा चेहरा बघावा. मग तो पळापळीचा प्रसंग. नवरी पुढे पळालेली, तिच्या मागे तो, त्याच्या मागे गाडीत ज्युलियन. फोनवर तिचा मित्र जॉर्ज विचारतो, आणि तुझ्या मागे कोण आहे? कोणी नाही. एवढ्या एका प्रश्नात अख्ख्या सिनेमाचा नकाशा निघतो.

या सिनेमाचा शेवट आधी वेगळा चित्रित झाला होता. स्वागतसमारंभात ज्युलियनला एक नवा, देखणा पुरुष भेटतो, असा. प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळाच्या प्रेक्षकांना ते रुचलं नाही. इतके उद्योग करून वर हिला बक्षीस? पण तिला एकटीला टेबलाशी बसवून ठेवणंही कोणाच्या जिवावर आलं असावं. मग नवा शेवट चित्रित केला. नवा पुरुष गेला आणि रूपर्ट एव्हरेटचा जॉर्ज आला. त्याला बायकांमध्ये रस नाही, त्यामुळे 'पुढे यांचं जमेल' ही वाटही बंद. तो येतो, तिला उठवतो आणि दोघं नाचतात.

माझी एक मैत्रीण म्हणते, ही शुद्ध मलमपट्टी आहे, नवरा मुलगा हाती लागेना म्हणून नाच. आमचा यावर वाद होतो. मी म्हणते, नीट बघ, नवरानवरी केव्हाच निघून गेलेत आणि वाद्यवृंद अजून वाजतोय. ती म्हणते, त्याचे पैसे नवरीच्या बापाने आधीच भरलेत.