नळी कधी काढणार?

माझ्या लेकीच्या डोक्यातल्या नळीबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नकार्यात, शाळेच्या गेटवर, सगळीकडे हेच: "आता मोठी झाली की, नळी कधी काढणार?"

काढणार नाही. मेंदूत पाणी रोज तयार होतं, मोठ्या माणसात जवळपास ५०० मिली. तुमच्याही. तुमचं रक्तात मुरतं. माझी लेक कमी दिवसांची, जन्मल्यावर मेंदूत रक्तस्राव झाला, तिचं मुरत नाही. शंट, म्हणजे ही नळी, ते पाणी कातडीखालून पोटात नेतो. उंची वाढेल म्हणून पोटात जास्तीची नळी आधीच सोडलेली असते.

"नळीशिवाय, दुर्बिणीने होतं म्हणे." होतं. मेंदूतल्या पाण्याच्या तिसऱ्या कप्प्याच्या तळाला भोक पाडतात. पाण्याची वाट मध्येच बुजली असेल तर चांगलं चालतं. रक्तस्राव झालेल्या तान्ह्या बाळांत तेवढी खात्री नसते. हे मी सर्जनना तुमच्या कितीतरी आधी विचारलंय.

ती दुसरीत होती. सकाळी उठल्या उठल्या डोकं धरून उलटी. दवाखान्यात पित्त म्हणून औषध दिलं. उलटी थांबली, घर निवांत झालं. ती मात्र झोपली. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी झोपणारी मुलगीच नव्हे ती! हाक मारली की डोळे उघडायची, पुन्हा मिटायची. सासूबाई म्हणाल्या, "झोपू दे गं, दमलीये." मी तिला बेचा पाढा म्हणायला लावला. बे त्रिक सहाला अडकली. वर बघ म्हटलं, तर नजर वर जाईना. कॅज्युअल्टीत परत पित्ताचीच चर्चा. मी एकच वाक्य धरून बसले: शंट आहे, सीटी करा. सीटीत कप्पे फुगलेले, नळीचं वरचं टोक बुजलेलं. पहाटे नवी नळी घातली. शुद्धीवर आल्यावर केस का कापले म्हणून भांडली माझ्याशी.

ती तान्ही असताना मीच सगळ्यांना सांगायचे, पाच वर्षांची झाली की निघेल. कुठल्या डॉक्टरांनी तसं म्हटलं नव्हतं. तेव्हाच्या मला आज दटावावंसं वाटतं, पण त्या आशेवरच तर ती वर्षं निघाली.

आणि खरं सांगू? कधी मलाही वाटतं, शरीराने एव्हाना स्वतःची वाट काढली असेल. सीटीवरून ते नेहमी कळत नाही. नळी बंद करून बघायचं म्हणजे ती दुपार मुद्दाम बोलवायची. सर्जन म्हणतात, चालतंय ना, मग हात लावू नका. मी ऐकते. पटलंय का, ते विचारू नका.

यंदा ती हॉस्टेलला जायचं म्हणते. डोकेदुखी, उलटी आणि झोप एकत्र आली तर कुणाचीही वाट बघू नकोस, हे तिच्या रूममेटला सांगायचंय. लेक म्हणते, "आई, तू नको सांगूस, मी सांगेन."